मुलाला घेऊन आलेला बाप

वाचावयाचा भाग : मार्क ९ : १४–२९, लूक ९ : ३७–४३



प्रभु येशू डोंगरावरून खालीं आला तेव्हां त्याच्या दृष्टीस काय पडलें तें आठवा. त्याच्या शिष्यांभोंवतीं मोठी गर्दी जमली होती आणि शास्त्री त्यांच्याशीं वाद घालीत होते. ज्या मुलामुळें हा वाद उत्पन्न झाला तो मुलगा जवळच होता, परंतु त्याच्याकडे कोणाचें लक्ष नव्हतें. कोणाचें सामर्थ्य कमी पडलें आणि दोष कोणाचा, हीच चर्चा चालली असावी. शेवटीं गर्दींतून एक मनुष्य पुढें आला व बोलूं लागला. तो त्या मुलाचा बाप होता.

ह्या बापाविषयीं आज आम्हांस दोन शब्द लिहावयाचे आहेत. गेलीं दोन वर्षें आम्ही व आमची पत्नी त्याच्याच वाटेनें चाललों आहों. आणि ज्या चुका आमच्या हातून घडल्या त्या दुसऱ्या कोणा आईबापांच्या हातून घडूं नयेत, एवढाच आमचा हेतु आहे. आमच्या मुलानें हा लेख छापावयास देण्यापूर्वीं वाचला आहे. त्यानें दोन वाक्यें खोडलीं व बाकीचें राहूं दिलें.

आरंभींच एक गोष्ट सांगितली पाहिजे. कथेंतील मुलाचा विकार निराळा होता आणि आमच्या मुलाचा निराळा आहे. खिन्नतेच्या आजाराला भूतबाधा समजून कोणीं आपल्या लेकराला इकडून तिकडे हिंडवूं नये. आम्ही येथें मुलाच्या रोगाकडे नव्हे, तर बापाच्या वागणुकीकडे पाहणार आहों.

१. त्यानें खरी हकीकत सांगितली

मुलाला जवळ आणल्यावर येशूनें बापाला विचारिलें कीं, ह्याला हें किती दिवसांपासून होत आहे? हा वैद्याचा प्रश्न होता. बापानें सांगितलें कीं, लहानपणापासून. आणि मुलगा आगींत व पाण्यांत कसा पडतो, हेंही त्यानें चारचौघांसमक्ष सांगितलें. त्यानें कांहीं झांकलें नाहीं आणि कांहीं वाढविलेंही नाहीं.

आम्हांस एवढें करावयास आठ महिने लागले. आमचा थोरला मुलगा ३१ वर्षांचा आहे. तो येथें नाशिकास, सातपूरच्या एका कारखान्यांत कामास जातो. त्याच्या लग्नास पांच वर्षें झालीं; आमची सून शाळेंत शिक्षिका आहे. उपासनेंत पेटी वाजवावी ती त्यानेंच, असें मंडळीला वाटे. दोन वर्षांपूर्वींच्या उन्हाळ्यांत त्यानें पेटीला हात लावणें सोडलें. पहाटे तीन वाजतां तो जागा होई व पुन्हां झोंप येत नसे. ताटावर बसला तर भाकरीचा एक तुकडा कितीतरी वेळ तोंडांत घोळवीत बसे. कोणी कांहीं विचारिलें तर म्हणे, “कांहीं नाहीं, बाबा.” कामावरचे खाडे वाढले. अंग दुखतें, डोकें जड होतें, एवढेंच तो सांगे.

आम्हीं काय केलें? आम्हीं त्याला आळशी म्हटलें. मग आम्हीं त्याला आपल्याजवळ प्रार्थनेस बसविलें. परंतु त्या प्रार्थनेंत आम्ही देवाशीं बोलत नव्हतों, देवाचें नांव घेऊन मुलालाच बोलत होतों. तो डोळे मिटून सर्व ऐकून घेई. पाळकसाहेबांनीं विचारिलें तेव्हां आम्हीं सांगितलें कीं, त्याला रात्रपाळीचा त्रास होतो. बापानें येशूला खरें उत्तर दिलें. आम्हीं पाळकालाही खोटें उत्तर दिलें.

ह्याच वेळीं एलीया संदेष्ट्याची गोष्ट आम्हीं पुन्हां वाचली. कर्मेल डोंगरावर साऱ्या राष्ट्रासमोर ज्यानें अग्नि उतरलेला पाहिला, तोच पुरुष थोड्याच दिवसांनीं रानांत एका रतामाच्या झुडपाखालीं बसून देवापाशीं मरण मागत होता. देवानें त्याला काय सांगितलें? प्रथम कांहींच सांगितलें नाहीं. त्याला निजूं दिलें. दूत पाठवून त्याला भाजलेली भाकर व पाण्याचें भांडें दिलें, पुन्हां निजूं दिलें, आणि पुन्हां जेवावयास उठविलें. कारण वाट त्याच्या शक्तीपलीकडची होती. मंद वाणीचा प्रसंग त्यानंतरचा आहे. ज्या देवानें आपल्या सेवकाला बोधापूर्वीं भाकर दिली त्याच देवाचें नांव सांगणाऱ्या आम्हीं आपल्या लेकराला भाकरीपूर्वीं बोध दिला. हें लिहितांना आम्हांस लाज वाटते.

शेवटीं आमच्या पत्नीनें हट्ट धरिला व आम्ही तिघे मनोविकारांच्या डॉक्टरकडे गेलों. ते म्हणाले कीं, हा डिप्रेशनचा, म्हणजे खिन्नतेचा आजार आहे. दुःख निराळें व हा आजार निराळा. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सदा उदास राहणें, आवडत्या गोष्टींत गोडी न वाटणें, झोंप, भूक व शक्ति ह्यांत बिघाड होणें, आपण निरुपयोगी आहों असें वाटणें, हीं त्याचीं लक्षणें. आणि हा आजार विरळा नाहीं. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनें २०१५–१६ सालीं देशांतील बारा राज्यांत जी पाहणी केली तींत प्रौढांपैकीं १०.६ टक्के लोकांना त्या वेळीं कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचें आढळलें. आणि निरनिराळ्या विकारांत ७० पासून ९२ टक्क्यांपर्यंत रोगी उपचारावांचून होते. ज्या मंडळींत शंभर प्रौढ माणसें आहेत तेथें अशीं दहा माणसें बाकांवर बसलेलीं असूं शकतात, आणि त्यांतील बहुतेकांनीं आपलें दुखणें कोणालाही सांगितलेलें नसेल.

ह्या आजारावर औषध आहे हें कळलें तेंही क्षयरोग्यांच्या सेवेंतून. अमेरिकेंत १९५२ च्या सुमारास क्षयाच्या रुग्णालयांत एक नवें औषध देऊन पाहत असतां, फुप्फुसें बरीं होण्याच्या आधींच रोग्यांचीं मनें उल्हसित होऊं लागलीं असें डॉक्टरांच्या लक्षांत आलें. १९५७ पर्यंत तें औषध खिन्नतेवर वापरांत आलें. आतांचीं औषधें त्याहून पुष्कळ सुरक्षित आहेत. परंतु त्यांचा गुण दिसण्यास दोन ते चार आठवडे, कधीं अधिकही लागतात. आणि बरें वाटूं लागल्यावरही तीं किमान सहा महिने, पुष्कळदां त्याहून अधिक काळ चालू ठेवावीं लागतात. औषधाबरोबर समुपदेशकाशीं नियमानें बोलणें हाही उपचाराचाच भाग आहे.

आमच्याच नाशिकजवळच्या जलालपूर गांवीं जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक ह्यांना आपले वाचक ओळखतात. रेव्हरंड टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतल्यावर आपल्या मनाची काय दशा झाली हें त्या बाईंनीं ‘स्मृतिचित्रें’ ह्या ग्रंथांत लाजेचा पडदा न घालतां लिहिलें आहे. त्यांचें मोठेपण त्यामुळें तिळभरही कमी झालें नाहीं. मग आम्हीं आपल्या मुलाचें दुखणें रात्रपाळीच्या नांवाखालीं कां लपवावें?

२. तो “आम्ही” म्हणाला

कथेंतील बापाची दुसरी गोष्ट फार सूक्ष्म आहे. त्यानें येशूजवळ साहाय्य मागितलें तें मुलापुरतें मागितलें नाहीं. दया आम्हां सर्वांवर व्हावी, असें तो म्हणाला. रोग मुलाला होता, परंतु बापानें स्वतःला त्या रोगांतून वगळलें नाहीं. आम्ही मात्र “त्याचें कांहीं बरें नाहीं” असें म्हणत होतों. तो आमच्याच बोलण्यानें अधिक आजारी झाला, हें आम्हांस पुढें कळलें.

औषध सुरू होऊन चार महिने झाले. मुलगा पुष्कळ सुधारला. एका रविवारीं त्यानें पेटीही उघडली. तेव्हां आम्हांस वाटलें कीं, आतां मनांतली दुसरी गोष्ट बोलावी. मंडळींत कोणाच्या बाळाचा बाप्तिस्मा झाला कीं घरीं येतांना कोणी ना कोणी सुनेला विचारी, “गोड बातमी केव्हां देणार?” तें ऐकून आम्हींही जेवतांना म्हटलें, “बाळा, आतां आम्हांस नातवंडाचें तोंड पाहूं दे.” आम्हांस तो आशीर्वाद वाटला. त्याला तो दोषारोप वाटला. त्याच आठवड्यांत एका ओळखीच्या मनुष्यानें त्याला सांगितलें कीं, ह्या गोळ्यांनीं पुरुषाचें बीज नासतें. त्यानें कोणालाही न विचारतां गोळ्या एकदम बंद केल्या.

पुढें सहा आठवड्यांनीं, रात्रीं दोन वाजतां त्याच्या आईला तो जिन्यावर अंधारांत बसलेला आढळला. तो म्हणाला, “आई, मी नसतों तर तुम्हां सगळ्यांचें ओझें हलकें झालें असतें.” आमच्या पत्नीनें रडारड केली नाहीं. ती त्याच्या शेजारीं बसली व सरळ विचारिलें, “बाळा, जीव द्यावा असें मनांत येतें काय?” तो “हो” म्हणाला. ती उजाडेपर्यंत त्याच्याजवळून हलली नाहीं, आणि सकाळीं आम्ही सर्व डॉक्टरकडे गेलों.

वाचकहो, हें ध्यानांत ठेवा. असा प्रश्न विचारल्यानें वाईट विचार मनांत शिरत नाहीं. उलट, मनांत कोंडलेल्या विचाराला बाहेर पडण्यास दार मिळतें. अशा वेळीं मनुष्याला एकटें सोडूं नये. शेतावर फवारणीचें औषध असेल तर तें कुलपांत ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस दूरध्वनि ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तो रात्रंदिवस, फुकट व मराठींतही मिळतो. आणि ज्यानें जीव देण्याचा प्रयत्न केला त्याला २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा तीव्र ताणाखालीं असलेला मनुष्य समजतो; सरकारनें त्याची काळजी घ्यावी असें तो कायदा सांगतो. कायदा ज्याला दयेनें वागवितो त्याला मंडळीनें निष्ठुरपणें वागवूं नये.

आतां त्या गोळ्यांविषयीं. त्या मनुष्याचें बोलणें सर्वस्वीं खोटें नव्हतें, म्हणूनच तें घातक ठरलें. खिन्नतेवरील कांहीं औषधांनीं पतिपत्नींच्या सहवासाची इच्छा मंदावते किंवा त्यांत अडचणी येतात. कांहीं अभ्यासांत वीर्याच्या गुणांवरही परिणाम दिसला आहे. परंतु बहुधा औषध किंवा त्याचें प्रमाण बदलल्यावर हा परिणाम जातो. आणि उपचार न केलेली खिन्नता तर ती इच्छा स्वतःच मारून टाकते. म्हणून डॉक्टरला मोकळेपणानें सांगावें, “आम्हांस मूल हवें आहे,” आणि औषधाचा निर्णय त्यांच्या विचारानें करावा. औषध एकदम तोडल्यानें चक्कर, बेचैनी व आजाराचें उलटणें हीं संकटें ओढवतात. आमच्या मुलाला डॉक्टरांनीं औषध बदलून दिलें, सोडविलें नाहीं.

त्यानंतर एक गोष्ट उघड झाली व तिनें आमचीं मान खालीं गेली. मूल होत नाहीं म्हणून आमच्या सुनेनें दोन वर्षें निरनिराळ्या तपासण्या सोसल्या होत्या. सुया, चाचण्या, पोटाचीं छायाचित्रें, सर्व कांहीं. तिच्यांत कोठेंही दोष निघाला नव्हता. मुलाची मात्र एकदांही तपासणी झाली नव्हती, आणि ती करावी असें आम्हां कोणाला सुचलेंही नव्हतें. आमच्या भाषेंत मूल नसलेल्या स्त्रीला तोंडावर फेकावयाचा ‘वांझ’ हा शब्द आहे. पुरुषाविषयीं लोक कुजबुजतात किंवा गप्प बसतात. आणि त्या गप्प बसण्याचा दंड स्त्री भरते.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं सांगितलें कीं, जगांतील सहा प्रौढांपैकीं सुमारें एकाला आयुष्यांत केव्हांतरी वंध्यत्वाचा अनुभव येतो. आणि अशा जोडप्यांपैकीं जवळजवळ निम्म्या ठिकाणीं पुरुषाकडचें कारण, एकटें किंवा स्त्रीकडच्या कारणाबरोबर, आढळतें. वीर्यतपासणी सोपी व कमी खर्चाची आहे. ती दोघांच्या तपासणीच्या आरंभींच व्हावयास पाहिजे. पुरुषाच्या शरीरांत बीजाणु तयार होण्यास सुमारें अडीच महिने लागतात. म्हणून एका चाचणीवरून निकाल लावूं नये. ताप येऊन गेला, झोंप मोडली, तर त्याचा परिणाम पुढें दोन-तीन महिने दिसूं शकतो.

आमच्या मुलाची संख्या दोन्ही वेळां कमी निघाली, आणि वृषणाजवळच्या शिरा फुगल्याचें आढळलें. ह्याला व्हेरिकोसील म्हणतात. तो सुमारें शंभरांत पंधरा पुरुषांना असतो, त्यांतील पुष्कळांना मुलें होतात. परंतु ज्यांना होत नाहींत त्यांच्यांत तो अधिक प्रमाणांत सांपडतो, व योग्य रोग्यांत लहानशा शस्त्रक्रियेनें सुधारणा होऊं शकते. तंबाखू व दारू, भट्टीजवळची सततची उष्णता, व्यायामशाळांत विकलीं जाणारीं संप्रेरकांचीं इंजेक्शनें, हींही कारणें आहेत. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षमळ्यांत फवारणी करणाऱ्या बांधवांनीं एक गोष्ट ऐकून ठेवावी. १९७७ सालीं कॅलिफोर्नियांतील एका कारखान्यांत डीबीसीपी नांवाचें जंतुनाशक तयार करणारे कामगार आपसांत बोलूं लागले कीं, आपल्यापैकीं कोणालाच मुलें कां होत नाहींत? तपासणींत पुष्कळांच्या बीजाला त्या द्रव्यानें अपाय झाल्याचें निघालें व पुढें तें द्रव्य बंद झालें. प्रत्येक फवारा तसा नाहीं. तथापि तोंडाला फडकें, हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे ह्यांचा आळस करूं नये. विशेष हें कीं, तें संकट उघडकीस आलें तें पुरुष एकमेकांशीं बोलले म्हणून.

३. त्यानें आपला अपुरा विश्वास कबूल केला

त्या बापाची तिसरी गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. मी विश्वास धरितों, आणि माझ्या अविश्वासाला तूंच साहाय्य कर, अशा अर्थाचें तो रडत बोलला. येशूनें त्याला परत पाठविलें नाहीं. अर्धा विश्वास घेऊन आलेल्या बापाचा मुलगा पूर्ण बरा झाला.

हें आम्ही मुद्दाम लिहितों. कारण आमच्या घरीं एक फिरते उपदेशक आले व म्हणाले कीं, गोळी घेणें हा अविश्वास आहे. आम्ही क्षणभर डळमळलों. परंतु हिज्कीया राजाची गोष्ट आम्हांस आठवली. राजा बरा होईल असें देवानें स्पष्ट वचन दिलें होतें, तरी यशया संदेष्ट्यानें गळवावर अंजिरांचा लेप लावावयास सांगितलाच. वचनही देवाचें व अंजीरही देवाचें. जो मधुमेहाच्या गोळ्या घेऊन प्रभुभोजनास येतो त्याला आम्ही अविश्वासू म्हणत नाहीं. मग खिन्नतेची गोळी घेणाऱ्याला कोणत्या तोंडानें म्हणावें? तसेंच, एस.टी. स्थानकांच्या भिंतींवर गुप्तरोगाच्या नांवानें जाहिराती लावून पुरुषांची लाज विकत घेणाऱ्यांपासूनही आपण तितकेंच दूर राहावें.

शस्त्रक्रियेस आतां सात महिने झाले. संख्या थोडी वाढली आहे. मूल अद्याप नाहीं, आणि होईलच असें डॉक्टर म्हणत नाहींत. कृत्रिम गर्भधारणेचे मार्ग आहेत. १९९२ पासून एकच बीजाणु घेऊन अंड्यांत सोडण्याची रीतही निघाली आहे. त्यासाठीं २०२१ च्या कायद्याखालीं नोंदणी झालेल्या रुग्णालयांतच जावें लागतें. तो मार्ग घ्यावा कीं न घ्यावा हें आमचा मुलगा व सून ठरवितील. तपासणीचे कागद आतां आम्ही मागत नाहीं. ते दाखवितील तेवढे पाहतों.

कोरडें झाड नव्हे

आतां जे पुरुष ह्या ओळी एकांतांत वाचीत असतील त्यांच्याशीं आम्हांस बोलावयाचें आहे. यशयाच्या छप्पन्नाव्या अध्यायांत देव अपत्यहीन पुरुषाशीं बोलतो. तूं आपणाला कोरडें झाड म्हणूं नको, असें तो त्याला सांगतो. आणि आपल्या घरांत, आपल्या भिंतींच्या आंत, पुत्रकन्यांपेक्षां श्रेष्ठ असें नांव देण्याचें वचन देतो. नियमशास्त्रानें ज्याला मंडळीबाहेर उभें केलें होतें त्याला हें वचन मिळालें. पुढें हबशी देशाचा एक असाच अधिकारी रथांत बसून यशयाचा ग्रंथ वाचीत चालला होता. फिलिप्पानें त्याला गांठलें तेव्हां तो त्रेपन्नाव्या अध्यायावर होता. आणखी तीन अध्याय वाचिले असते तर त्याला आपलें नांव सांपडलें असतें. आणि तो बाप्तिस्मा घेऊन आनंदानें आपल्या वाटेनें गेला, असें शास्त्र सांगतें. त्याला मूल झालें, असें शास्त्र सांगत नाहीं.

आम्हां नाशिककरांना ह्या वचनाचा अर्थ शोधावयास दूर जावें लागत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर आमच्या शरणपूर वस्तींत चर्च मिशनरी सोसायटीनें अनाथ मुलांना व गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांना वाढविलें, शिकविलें, धंदा दिला. त्यांतीलच याकोब वेनराइट हा डॉक्टर लिव्हिंग्स्टन ह्यांच्या मृतदेहाबरोबर इंग्लंडास गेला आणि १८७४ सालीं वेस्टमिन्स्टर ॲबींत त्यांचें दफन झालें तेव्हां तो तेथें होता. ज्यांना कोणाचें आडनांव राहिलें नव्हतें त्यांना मंडळीनें लेकरें म्हणून घेतलें. मंडळींत लेकरें केवळ रक्तानें येत नसतात, हें शरणपूरच्या मातीला ठाऊक आहे.

पूर्वीं ख्रिस्ती कुटुंबाला दत्तक घेण्यास कायद्यानें मार्ग नव्हता. १८९० च्या कायद्याप्रमाणें पालक होतां येत असे, आईबाप होतां येत नसे. २००० सालच्या बालन्यायाच्या कायद्यानें व त्यांतील २००६ च्या दुरुस्तीनें तो मार्ग सर्व धर्मांच्या लोकांना खुला झाला, व २०१५ च्या कायद्यानें तो कायम झाला. तो मार्ग घ्यावाच असें आम्ही म्हणत नाहीं. दत्तक मूल हें कोणाच्या दुःखावरचें औषध नव्हे. तें स्वतः एक मूल आहे. परंतु दार उघडें आहे, हें माहीत असावें.

शेवटीं

येशूनें त्या मुलाला मोकळें केलें तेव्हां तो निपचित पडला आणि गर्दी म्हणाली कीं, हा मेला. गर्दीला निकाल लावण्याची फार घाई असते. येशूनें त्याचा हात धरून त्याला उठविलें. आणि लूक एक लहानशी गोष्ट सांगतो, जी आम्हीं पुष्कळ वर्षें वाचली, पण आम्हांस दिसली नव्हती. येशूनें तो मुलगा त्याच्या बापाला परत दिला.

बापाला काय मिळालें? मुलगा मिळाला. त्या मुलाचें पुढें लग्न झालें काय, त्याला लेकरें झालीं काय, वंश वाढला काय, ह्यांतील एकही गोष्ट शुभवर्तमानांत नाहीं. बाप मुलासाठीं आला होता. त्याला मुलगा मिळाला आणि गोष्ट पूर्ण झाली. आम्ही मात्र जिवंत मुलगा समोर ताटावर बसला असतां, न जन्मलेल्या नातवाकडे पाहत होतों.

म्हणून ज्या आईबापांच्या घरीं असें दुखणें आहे त्यांना आमची विनंति आहे. मुलाचें दुखणें खरें सांगा, पण त्याच्या संमतीनें सांगा. त्याच्याबरोबर दवाखान्यांत जा, आणि डॉक्टरच्या खोलीबाहेर बसण्यास सांगितलें तर बाहेर बसा. आपली गोष्ट गुप्त राखली जावी हा कायद्यानेंही त्याचा हक्क आहे. गोळ्यांची आठवण द्या, पण गोळ्या मोजीत बसूं नका. सुनेला दोष देणाऱ्याचें तोंड तुम्ही स्वतः बंद करा. तें काम मुलावर टाकूं नका. आणि मंडळींतील बहिणींनो, बाप्तिस्म्याच्या दिवशीं “गोड बातमी केव्हां” हा प्रश्न कोणालाही विचारूं नका. तो किती कडू लागतो, हें तुम्हांस कधींही कळूं नये, अशी आमची प्रार्थना आहे.

गेल्या रविवारीं आमच्या मुलानें पेटी वाजविली. तिसऱ्या गीतांत त्याचा एक सूर चुकला, तो थांबला, मागें वळून आमच्याकडे पाहून थोडा हंसला व पुन्हां वाजवूं लागला. त्याची आई माझ्या शेजारीं होती. आम्हां दोघांना त्या दिवशीं देवाजवळ आणखी कांहीं मागावयाचें सुचलें नाहीं.

हे दयाळु पित्या, ज्यांच्या घरांत रात्रीं कोणी जागें आहे त्यांच्याजवळ तूं जागा राहा. आमच्या मुलांना आमच्या अपेक्षांच्या ओझ्याखालून सोडीव. आमच्या अपुऱ्या विश्वासाला तूंच साहाय्य कर, आणि आमचीं लेकरें आम्हांस परत दे. प्रभु येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.